माझ्या पुढ्यातलं भेकर

आमच्या क्लाइव्हला कौतुक पोटात ठेवता येत नाही. नवरा माझा, म्हणून मी बोलते. केळीचे कोंब कोण खातं ते बघायला त्याने बागेतल्या पाणवठ्यावर आंब्याला कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. आधी साळिंदर आलं, मग रानडुक्कर, आणि एका पहाटे भेकराची मादी आली. मागे लटपटणारं पाडस. तो फोटो मी येताजाता उघडून बघायची.

क्लाइव्हने तो गावाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘आमच्या बागेतले पाहुणे’. अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि दुसऱ्याच दिवशी परशुराम दारात हजर.

परशुराम म्हणजे गावच्या शिकारीचा म्होरक्या. आमच्या काजूची वेचणीही त्याच्याच माणसांवर चालते. चहा पिता पिता त्याने सांगितलं, की रविवारी तुमच्या बाजूचं रान हाकायचं ठरलंय, मालकाचा वाटा घरपोच येईल. विचारलं नाही, सांगितलं. रविवारच का, तर तेव्हा आम्ही मिसाला चर्चमध्ये असतो. आम्ही काही बघितलं नाही, असं म्हणायची सोयसुद्धा त्यानेच करून ठेवली होती. माझं डोकं सणकलं.

वनखात्याला कळवू म्हटलं, तर क्लाइव्ह म्हणाला, आपलं नाव फुटेल आणि राहायचं याच गावात आहे. लोक वाटा घेतात आणि गप्प बसतात, आपणही तेच करू. ज्यांच्या घशाखाली उतरतो त्यांनी घ्यावा, मी म्हटलं.

रविवारी तो एकटाच मिसाला गेला. मी चर्चसाठी इस्त्री केलेला लालभडक झगा घातला, लांबून दिसावा म्हणून. ओसरीवरची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि पाणवठ्याच्या वरच्या अंगाला, खडकाशी नेऊन टाकली. जागा मला नेमकी ठाऊक होती. माझे पप्पा बंदूक बाळगून होते. हाकारे खालून आरडाओरडा करत रान उठवतात आणि बंदूकवाले वर आपापल्या जागा धरून बसतात, हे ऐकतच मी मोठी झाले. या शिकारीचा एक कायदा आहे आणि तो मोडला तर डोकी फुटतात: जागेवर जो बसलाय, त्याच्या पुढ्यात आलेलं जनावर त्याचं. मारायचं की सोडायचं, ते तोच ठरवणार. दुसऱ्याने बार टाकायचा नाही.

परशुराम बंदूक घेऊन वर आला आणि मला बघून थबकला. उठा म्हणाला. काही झालं तर माझ्यावर येईल म्हणाला. मी ढिम्म हलले नाही. तेवढ्यात खालून डबे बडवायला सुरुवात झाली आणि तो माझ्या मागे तसाच उभा राहिला.

करवंदीच्या जाळीतून मादी बाहेर पडली. पाडस तिच्या पोटाशी. माझ्या समोरच दोघं क्षणभर थांबली. मागे बंदुकीचा घोडा चढल्याचा आवाज झाला. मी मान वळवली नाही.

“परशुरामा, जागेर मी बसलंय. फुड्यातलां जनावर माजां. मी तां सोडलंय.”

बार झाला नाही. दोन उड्यांत दोघं पलीकडच्या रानात दिसेनाशी झाली.

हाकारे घाम पुसत वर आले. काय झालं ते कळल्यावर त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, बाई जागेवर होती ना, मग संपलं. परशुरामला ते झोंबलं. कायद्यावर त्याला बोलता येईना, म्हणून तो काजूवर घसरला.

“औंदा तुमचे काजू येचूक कोण येता, तां बगतंय मी.”

मी तोंड उघडणार, तोच बागेच्या वाटेने क्लाइव्ह आला. चर्चच्या दारातूनच परत फिरला असावा. पांढरीशुभ्र पँट, गळ्याशी टाय, तोंडावर घामाच्या धारा. परशुरामचं बोलणं त्याने ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं, आणि माझ्या खुर्चीशेजारी चिखलात सरळ फतकल मारून बसला.

“आमी दोगां येचतलंव,” तो म्हणाला. “आनी फुडल्या रविवाराक हय दोन खुर्च्यो आसतल्यो.”