तीनच्या ठोक्याआधी

हाइनरोडा संस्थानात राजनिष्ठा म्हणून जी काही होती, ती सन सतराशे एकतीसच्या मार्च महिन्यात एकाच माणसाच्या छातीत साठलेली होती. ड्यूक लुडोल्फ अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या आयुष्यासाठी दिवसातून पाच वेळा गुडघे टेकणारा तो एकटाच. युवराज दोनदा टेकत, पण ते नेमकं काय मागतात याबद्दल दरबारात दोन मतं होती. हा निष्ठावंत म्हणजे गावच्या चर्चचे गायनमास्तर, येरेमियास क्नॉल.

ड्यूकवर त्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं. प्रश्न सुतकाचा होता. ड्यूक गेले की संस्थानाला वर्षभराचं सुतक. म्हणजे चर्चमधला ऑर्गन बंद, लग्नातली तुतारी बंद, खानावळीतलं व्हायोलिन बंद. आणि गुड फ्रायडे आला होता दोन आठवड्यांवर.

गुड फ्रायडेला दुपारी चर्चमध्ये ख्रिस्ताच्या यातनांची कथा गाऊन सांगायची, तिला पॅशन म्हणत. एरवी ती कोरडीच गायची, वाद्यांशिवाय. वाद्यांसकट पॅशन नगरसभा दर तिसऱ्या वर्षी करू देई, कारण वादक बाहेरगावाहून आणावे लागत आणि बाहेरगावचे वादक बिअर फार पितात असं नगरसभेचं निरीक्षण होतं. क्नॉलमास्तरांनी आपली पॅशन लिहून पुरी केली त्याला नऊ वर्षं झाली होती. पहिल्या खेपेला थोरल्या राणीसाहेब पाम संडेला, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, वारल्या. दुसऱ्या खेपेला गावात ताप आला आणि चर्चला कुलूप लागलं. हुकलेली खेप पुढच्या वर्षी भरून काढता येत नसे. ठरावात ‘दर तिसऱ्या वर्षी’ असं होतं, ‘जमेल तेव्हा’ असं नव्हतं. त्यामुळे अडीच तासांचं ते संगीत नऊ वर्षं कपाटात पडून होतं, आणि ते कसं वाजतं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनाही नाही. कागदावर लिहिणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं.

आता तिसरी खेप. मास्तर एकसष्ट वर्षांचे होते आणि खोकल्यातून रक्त पडत होतं.

डॉक्टर फॉइस्टेल हा राजवाड्याचाही वैद्य होता आणि मास्तरांचाही. मास्तर त्याच्याकडे जात ते स्वतःच्या छातीचं निमित्त करून.

“महाराजांचं कसं आहे?”

“पाय सुजलेत. काल पोटातून बादलीभर पाणी काढलं.”

“आणि आज?”

“आज रक्त काढणार.”

“रोज काही ना काही काढायलाच हवं का, डॉक्टर?”

“मास्तर, गाणं तुमचं, शरीर माझं.”

“शरीर महाराजांचं आहे. मी म्हणतो, तेवीस तारखेपर्यंत त्यांना हातच लावू नका. नुसते जवळ बसा. गप्पा मारा.”

फॉइस्टेलने त्यांच्या पाठीला कान लावला, दोनदा खोकायला सांगितलं आणि हात पुसले. “तुम्ही माझं औषध घेतलं नाहीत तर दोन हिवाळे. फार फार तर.”

“आणि घेतलं तर?”

“तर मग सांगता येत नाही.”

पुढची खेप तीन वर्षांनी. मास्तर गणित मुलांना शिकवत असत. हे गणित त्यांना बोटांवर न मोजता जमलं.

घरी त्यांच्या पत्नी सिबिलाबाईंनी जवाचं सूप पुढे ठेवलं. मास्तरांनी कोंबडी कुठे आहे विचारलं.

“कोंबडी तुम्ही सकाळी राजवाड्यावर पाठवलीत. महाराजांच्या रश्शासाठी. त्यांच्याकडे चारशे कोंबड्या आहेत, पण असो. माझ्या बाबांना इतकं जपलं असतंत तर ते आज असते.”

“अगं, तुझे बाबा गेल्याने वाद्यं बंद पडणार नव्हती.”

“हे मी त्यांच्या थडग्यावर लिहून घेते,” असं म्हणून बाईंनी त्यांच्या सुपात आपल्या वाटणीचं लोणी घातलं.

सगळ्या पॅशनमध्ये मास्तरांचा जीव एका पदात होता. येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पीटर तीनदा म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवतो आणि पीटर बाहेर जाऊन रडतो. तिथे एक गायक आणि एक गाम्बा, एवढंच. गाम्बा म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं तारांचं जुनं वाद्य. नव्या पोरांना त्याचा कंटाळा येई आणि आसपासच्या मुलखात ते नीट वाजवणारा एकच माणूस उरला होता, टोबियास रांफ्ट. टोबियास सत्तर वर्षांचा. तो गाम्बा पाठीवर बांधून दोन दिवस चालत आला, गुरुवारी संध्याकाळी पोचला आणि बिअरला शिवलाही नाही. नगरसभेच्या निरीक्षणात ही नोंद आली नाही.

“मास्तर, हे पद मला नऊ वर्षं पाठ आहे,” तो म्हणाला. “बायको म्हणते, एवढं पाठ करून एकदाही वाजवलं नाही असा नवराच नको.”

शुक्रवार उजाडला आणि ड्यूक जिवंत होते. दुपारी पाऊण वाजता चर्च भरलं. मास्तर वरच्या सज्जात जायला जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते, तेवढ्यात बाहेर घोडा थांबला. राजवाड्याचा स्वार आत आला आणि त्याने नगराध्यक्ष श्ट्रुव्ह यांच्या हातात पत्र दिलं. पत्रावर ड्यूकची मोहोर होती आणि मोहोरेची लाख काळी होती.

काळी लाख एकाच कारणासाठी वापरतात. श्ट्रुव्ह पत्राकडे बघत राहिले. मास्तरांनी त्यांना खांबाआड ओढलं.

“फोडू नका.”

“क्नॉल, राजाचं पत्र आहे.”

“वाचलंत की सुतक लागलं. वाचलं नाहीत तोवर महाराज जिवंत. कायद्याने.”

“कायदा तुम्ही मला सांगू नका.” श्ट्रुव्ह माणूस वाईट नव्हता, शिवाय त्यांचा मेहुणा समूहात गाणार होता आणि त्यासाठी बायकोने नवी टोपी घेतली होती. त्यांनी स्वाराकडे पाहिलं. “ए, घोड्याला दाणा घातलास का?”

“नाही साहेब. पण तीन वाजता उत्तर घेऊन निघायचं आहे. तसा हुकूम आहे.”

“तीनचा ठोका पडला की फोडणार,” श्ट्रुव्ह मास्तरांना म्हणाले. “मग तुम्ही कुठेही असा. तिथल्या तिथे सगळं बंद. मी एवढंच करू शकतो.”

एक ते तीन, दोन तास. मधोमध प्रवचन एक तासाचं. पाद्रीबुवा वाळूचं घड्याळ समोर ठेवून बोलत आणि वाळू लवकर संपली असं कधी झालं नव्हतं. उरला एक तास, आणि संगीत अडीच तासांचं.

जिना चढता चढता मास्तर दोनदा थांबले, एकदा खोकल्यासाठी आणि एकदा विचारासाठी. पहिला भाग लिहिला तसाच वाजवायचा, पीटरच्या रडण्यासकट, आणि तीनला थांबायचं, हे करता आलं असतं. पण मग येशू बेड्यांत उभा आणि पुढे काही नाही. इतकी माणसं काळे कपडे घालून आलीत; त्यांना कथेत अर्ध्यावर सोडायचं कसं? आणि नऊ वर्षं जी गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची होती ती आपण तरी मधेच कशी सोडायची? सज्जात पोचेपर्यंत त्यांचं ठरलं. येशूला तीनच्या आत पुरायचं.

त्यांनी वादकांच्या पुढ्यातली पानं भराभर उलटली. हे नाही, हे नाही, हे अर्धं. पदं सगळी गेली. उरलं निवेदन, जमावाची ओरड आणि स्तोत्राची दोन दोन कडवी.

“पीटरनंतर मी ना?” टोबियासने विचारलं. त्याने गाम्बा लावून ठेवलं होतं.

“बघू.”

कागदाच्या सुरळीने मास्तरांनी जो ताल धरला, त्या तालात हाइनरोड्यात आजवर फक्त लग्नाची वरात गेली होती. निवेदक धापा टाकत सांगत सुटला. येशूचं काम उर्बान नावाचा बिअरवाला करी, त्याचा आवाज खोल आणि सावकाश. त्यालाही मास्तरांनी मानेने पुढे हाकललं. कोंबडा आरवला. पीटर बाहेर गेला आणि रडला. टोबियासने गज तारांवर टेकवला, मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

पीटर रडला म्हटल्यावर जी एक पोकळी राहिली, ती घोटभर पाणी पिण्याइतकी. मग स्तोत्र सुरू झालं. टोबियासने गज मांडीवर आडवा ठेवला आणि उरलेला सगळा वेळ तो दुसऱ्यांची गाणी ऐकणाऱ्या पाहुण्यासारखा बसून राहिला.

प्रवचन तासभर चाललं. मास्तर तो तासभर ऑर्गनच्या कडेला कपाळ टेकून बसले. ऐकणाऱ्यांना वाटलं, प्रार्थना चालली आहे.

दुसऱ्या भागात रोमन सुभेदार पिलातने येशूचा निकाल इतक्या घाईत दिला की त्याच्या घरी पाहुणे आले असावेत. क्रूस, अंधार, भूकंप. शेवटचं समूहगान ‘सुखाने झोप’ असं होतं. ते मास्तरांनी पाळणा हलवावा तसं लिहिलं होतं आणि पाळणा उलटावा तसं गायलं गेलं. शेवटचा स्वर थांबला. मनोऱ्यावर तीन ठोके पडले. येशू वेळेत पुरला गेला होता. नव्या टोपीखालून नगराध्यक्षांची बायको शेजारणीला म्हणाली, “यंदा बाई आटोपशीर झालं.”

मास्तर खाली उतरले तेव्हा नगरसभेचे लोक दारापाशी टोप्या काढून उभे होते. श्ट्रुव्हनी काळी लाख फोडली, घसा साफ केला आणि वाचलं:

“नगरसभेस कळावे की, गेल्या ईस्टरला गावच्या तळ्यातून आलेल्या कार्प माशांना चिखलाचा वास येत होता. यंदा मासे दोन रात्री स्वच्छ पाण्यात ठेवून मगच पाठवावेत. नग चोवीस. लुडोल्फ.”

श्ट्रुव्हनी पत्र उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.

“महाराज आहेत?” मास्तरांनी स्वाराला विचारलं.

“आहेत की. सोमवारपासून उठून बसतात. मासे मासे करतायत.”

“मग ही लाख काळी का?”

“फेब्रुवारीत महाराजांचं काही खरं नव्हतं, तेव्हा कारभाऱ्यांनी काळी आणून ठेवली, दोन पेट्या. आता तांबडी संपली. म्हणाले, आहे ती आधी वापरा.”

मास्तर चर्चच्या पायरीवर बसले. आत वादक वाद्यं आवरत होते. टोबियास बाहेर आला, गाम्बा पाठीवर बांधून. दोन दिवसांची वाट होती. अंधार पडायच्या आत पहिलं गाव गाठायचं तर त्याला निघायला हवं होतं.

“आता वाजवतोस?” मास्तरांनी विचारलं. “इथेच. मी गाईन.”

टोबियासने त्यांच्याकडे पाहिलं आणि गाम्बा सोडायला घेतलं. पायरीवर बसून त्याने पहिले चार स्वर वाजवले. मास्तरांनी श्वास घेतला आणि खोकला आला, आणि तो थांबेचना. टोबियासने बराच वेळ ते चार स्वर पुन्हा पुन्हा वाजवले. मग चर्चचा शिपाई आला आणि म्हणाला, परवानगी दुपारच्या उपासनेपुरती होती, ती संपली.

ड्यूक लुडोल्फ त्यानंतर अकरा वर्षं जगले.