बेचाळीस मैलांची लॉरी

लोणखेड्याकडून शहाद्याला येताना डाव्या हाताला कडुलिंबाखाली एक लॉरी उभी दिसते, तिच्या टपावर कोंबड्या बसलेल्या असतात. बोलतेय ती मीच. कोंबड्यांकडे लक्ष देऊ नका. त्या माझ्या मालकांच्या, चुनीलालभाईंच्या आहेत, माझ्याशी त्यांचा संबंध फक्त राहण्यापुरता.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. लढाईच्या धामधुमीत एका कारखान्यातून माझ्या शेकडो बहिणींबरोबर मी बाहेर पडले. वाटलं होतं, रणांगण गाजवू. प्रत्यक्षात देवळालीच्या छावणीत बटाटे वाहिले. लढाई संपली तेव्हाही मी बटाट्यांच्या खेपेवर होते, त्यामुळे ती संपल्याची बातमी मला सगळ्यांच्या नंतर कळली. उशिरा पोहोचायची सवय मला तेव्हापासूनची.

पुढे लिलाव झाला आणि ब्राह्मणपुरीच्या चुनीलालभाईंनी मला घेतलं. कापूस आणि केळी पिकवणारा तालेवार माणूस. बैल घेताना दात बघतात तसं त्यांनी माझं बॉनेट उघडून आत पाहिलं, आणि काही कळलं नाही तरी मान हलवली. माणसं अशी मान फार वेळा हलवतात, हे मी पुढे बघितलं.

माझा खरा धनी मात्र दोधू ड्रायव्हर. तो मला हँडल मारायचा तेव्हा आधी माझ्या मडगार्डवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "चाल माय." थंडीच्या दिवसांत घरची गोधडी माझ्या बॉनेटवर टाकायचा आणि स्वतः कुडकुडायचा. त्याची बायको तापीबाई चिडून म्हणायची की सवत आणली ती आणली, आणि वर तिला घरचं पांघरूण.

वेगाचं म्हणाल, तर मी कधी कुणाशी शर्यत लावली नाही. मला मागे टाकून गेलेल्या बैलगाड्यांची नावं मी सांगणार नाही. मागून बैलगाडी आली की दोधू आपणहून मला कडेला घ्यायचा आणि अहिराणीत पुटपुटायचा, "जाऊ दे, त्यास्ले घाई शे." माझ्या चालीबद्दल त्याच्या तोंडून वाकडा शब्द मी कधी ऐकला नाही. इतर सगळ्यांच्या तोंडून ऐकला.

आता मुख्य गोष्ट. साल सत्तावन्न. लोणखेड्याच्या रस्त्यावर सरकारने पाटी लावली, की लॉरींनी ताशी वीस मैलांच्या वर जाऊ नये. पाटी लावली की ती मोडणारा सापडायला हवा, नाहीतर पाटीचा खर्च वाया. म्हणून धुळ्याहून एक घड्याळ आलं. बटण दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. एका फर्लांगाच्या दगडापाशी भिला शिपायाने लाल निशाण घेऊन उभं राहायचं, गाडी आली की निशाण खाली पाडायचं. पुढच्या दगडापाशी चुडामण जमादारांनी ते निशाण पडताना बघून बटण दाबायचं, आणि गाडी आपल्यापाशी आली की परत दाबायचं. बाकीचा हिशेब एका छापील तक्त्यात होता.

त्या दिवशी मी सरकी भरून शहाद्याला निघाले होते. दोधूच्या शेजारी सुकलाल पाटील बसले होते, बाजाराला चालले होते. आणि हे सुकलाल म्हणजे भिला शिपायाचे व्याही. भिलाची मुलगी त्यांच्या घरी दिलेली. मुलीच्या बापाला आपल्याकडे व्याह्यापुढे किती वाकावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

मी दगडापाशी पोहोचले. भिलाने निशाण उचललं, आणि तेवढ्यात त्याला खिडकीत व्याही दिसले. आता व्याह्यांपुढे लाल फडकं कसं फडकवायचं? त्याने निशाण काखेत मारलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "राम राम, याही." सुकलालनी विचारलं बरं शे का, भिलाने विचारलं पोर बरी शे का, आणि असं बोलत बोलत तो माझ्या शेजारून चालू लागला. मी काही थांबले नव्हते. मध्ये त्याची चप्पल निघाली, ती त्याने घातली आणि परत मला गाठलं. पुढचा दगड अगदी जवळ आला तेव्हा त्याला सरकारची आठवण झाली. त्याने काखेतून निशाण काढून पाडलं. माझ्या धुरापलीकडे जमादारांना नुसतं लाल काहीतरी हललेलं दिसलं. त्यांनी बटण दाबलं, मी लगेच त्यांच्यापाशी आले, त्यांनी परत दाबलं, तक्ता बघितला. ताशी बेचाळीस मैल.

नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तरी मी कशी येतेय ते कळलं असतं. पण ज्याच्या हातात घड्याळ असतं तो माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

खरं सांगते, मला काय आनंद झाला म्हणून सांगू. चुकीचं आहे हे मला माहीत होतं. पण रडतखडत चालते म्हणून जन्मभर 'रडूबाई' ऐकलेल्या लॉरीला कुणी सरकारी कागदावर बेचाळीस लिहून देत असेल, तर तिने काय हॉर्न वाजवून नाही म्हणायचं? आणि चुनीलालभाई तर हवेतच गेले. पारावर बसून ज्याला त्याला सांगायचे. दुसऱ्याच दिवशी लोक मला बघायला आले. मी अंगणात उभी असतानासुद्धा बाया पोरांना माझ्यासमोरून ओढून घ्यायला लागल्या. मला ते फार आवडलं.

"गुन्हा कबूल करी टाक," चुनीलालभाई दोधूला म्हणाले. "दंड मी भरस. पंचक्रोशीमा इतली कोनीबी गाडी पळेल नही."

दंडाचं दोधूला काही नव्हतं. दिवा बंद होता म्हणून त्याच्या लायसनवर आधीच एक शेरा होता. दुसरा पडला की लायसन जाणार. रात्री जेवताना तापीबाई एवढंच म्हणाली, "लायसन गयं ते आपण काय खासूत?" दोधूला दुसरं कुठलंही काम येत नव्हतं. शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. मी होते. तेव्हा कुठे माझा आनंद ओसरला.

दोधूने मालकाचं ऐकलं नाही. गुन्हा नाकबूल म्हणाला.

खटला शहाद्याला उभा राहिला. जमादारांनी मला मुद्देमाल म्हणून लिहिलं होतं, म्हणून मलाही हजर राहावं लागलं. माझ्या आरशाला चिठ्ठी बांधून लाखेची मोहोर केली आणि मला कोर्टाच्या खिडकीखाली उभं केलं. उन्हाळ्यामुळे खिडकी सताड उघडी होती. न्यायाधीश साहेब पुण्याकडचे, त्यांना अहिराणी निम्मीच कळायची. निम्मी कारकून समजावून सांगायचा.

"घड्याळ तपासलेलं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, घड्याळ धुळ्याहून आलं आहे," जमादार म्हणाले. धुळ्याहून आलेली वस्तू तपासायची असते हे त्यांना नवीनच होतं.

"गाडी जोरात येताना तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"माझे डोळे घड्याळावर होते, साहेब. डोळ्यांनीच बघायचं असतं तर सरकारने घड्याळ कशाला दिलं असतं?"

साहेबांनी यावर बराच विचार केला. मग भिला उभा राहिला. जमादारांकडे बघत त्याने सांगितलं, की गाडी दगडापाशी आली आणि मी लगेच निशाण पाडलं. नोकरीचा माणूस, जमादारांनी लिहिलेलं खोटं कसं म्हणेल? मला वाटलं, संपलं. दोधू गेला आणि मी बेचाळीसची राहिले. आणि तेव्हा मला ते बेचाळीस नको झाले.

दोधूचा एकच साक्षीदार होता, सुकलाल पाटील. ते दारातच उभे होते आणि त्यांनी भिलाची साक्ष ऐकली होती.

"गाडीचा वेग किती होता?" साहेबांनी विचारलं.

"ते मले काय माहीत? मी याहीसंगे बोली ऱ्हायंतू," सुकलाल म्हणाले. मग ते भिलाकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. "साहेब, मीबी एक इचारू? हाई म्हनस, लगेच निशान पाडं. मंग मले राम राम कोनता हातघाई करा?"

कारकुनाने साहेबांना समजावलं, की साक्षीदार विचारतोय, निशाण पाडलं तर मला राम राम कोणत्या हाताने केला. साहेब म्हणाले, याचा खटल्याशी काय संबंध? पण कोर्टातल्या बाकी सगळ्यांना संबंध कळला होता. सगळे भिलाकडे बघत होते.

"एक हातना राम राम करनारा याही मन्हा नही," सुकलाल हळू आवाजात म्हणाले.

भिलाने एकदा जमादारांकडे बघितलं, एकदा व्याह्यांकडे. एकीकडे नोकरी आणि दुसरीकडे सासरी नांदणारी लेक. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"दोन्ही हातघाई करा, साहेब," तो म्हणाला. "निशान काखमा व्हतं. आनि पोरनी खबर इचारत मी गाडीसंगे चालत गऊ."

"चालत?" साहेब म्हणाले. "बेचाळीस मैलांच्या गाडीबरोबर?"

"हां साहेब. मधमा चप्पल निंघनी. ती घालीसन परत गाडी गाठी."

कोर्ट हसलं. कारकून हसला, पट्टेवाला हसला, जमादार घड्याळाकडे बघत राहिले. मी खिडकीखाली उभी होते आणि माझ्यावर सगळे हसत होते. खोटं कशाला बोलू, लाज वाटली. पण त्याहून मोठं म्हणजे जीव भांड्यात पडला.

साहेबांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि दोधूला म्हणाले, "आता नोंदीसाठी एकच सांगा. ही गाडी खरोखर किती वेगाने जाते?"

दोधूने मान खाली घातली.

"सांगा ना. तुमच्याच फायद्याचं आहे."

"साहेब, तेवढं इचारू नका," दोधू म्हणाला. "गाडी बाहेर उभी शे. ती ऐकी लेई."

कारकुनाने याचं भाषांतर केलं नाही. बहुतेक साहेबांना तेवढी अहिराणी कळत असावी. त्यांनी एकदा खिडकीतून माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून ठेवला आणि दोधूला बोटाने जवळ बोलावलं. दोधू टेबलाला वळसा घालून गेला, त्यांच्या कानाशी वाकला, तोंडावर हात आडवा धरला आणि कुजबुजला. साहेबांनी मान हलवली. कागदावर आकडा लिहिला नाही, नुसतं लिहिलं की आरोप शाबीत होत नाही.

भिलाची नोकरी राहिली. साहेब एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी निशाण बिनव्याह्याच्या शिपायाला द्या. असा शिपाई तालुक्यात सापडला नाही आणि घड्याळ धुळ्याला परत गेलं. चुनीलालभाईंनी गावात सांगितलं, की भिला शिपाई बेचाळीस मैलांच्या लॉरीबरोबर धावला. त्या वर्षी भिलाला पोलिसांच्या शर्यतीत पाठवण्यात आलं. तिथे त्याच्या मागे कोणी नव्हतं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात माझं इंजिन विहिरीवर पाणी उपसायला गेलं, चाकं एका गाड्याला लागली, आणि उरले ती मी इथे आहे. दोधू आता एका नव्या ट्रकवर असतो. येता-जाता थांबतो, कोंबड्यांना हाकलून माझ्या सीटवर बसून बिडी ओढतो. त्याचं लायसन शाबूत आहे, तापीबाई सुखात आहे. मला आणखी काही नको.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. या रस्त्याने गेलात आणि दोधू भेटलाच, तर त्याला हे सांगू नका. कोर्टाची ती खिडकी माझ्या अगदी डोक्यावर होती. साहेबांच्या कानात तो काय कुजबुजला, ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तो म्हणाला होता, "बारा, साहेब. आनि तेबी उतारवर."