कोरी फळी

राजूरकडच्या त्या कोळशाच्या खदानीत एक नियम होता. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला तोंडाशी असलेल्या फळीवर टांगायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला नसला म्हणजे आत माणूस नाही. हवेचा पंखा तेव्हाच बंद करायचा.

रविवारी खदानीला सुट्टी होती. पंख्याचा पट्टा चिरला होता, म्हणून गफ्फार मिस्त्री नवा पट्टा घेऊन आला. फळीवर एकही बिल्ला नव्हता. त्यानं पंखा थांबवला, जुना पट्टा कापून काढला आणि घाम पुसत फळीला टेकला. खांद्याला हिरवा रंग लागला. त्यानं नीट पाहिलं. खिळेसुद्धा ओल्या रंगानं माखले होते.

मुकादम सदाशिवराव समोरून येत होते.

"फळी कवा रंगवली?" गफ्फारनं विचारलं.

"सकाळी. उद्या साहेब येऊन राह्यले पाहाले."

"मंग आज बिल्ले कुठी टांगले?"

"सुट्टीच्या दिवशी कायले टांगतीन?" बोलता बोलता सदाशिवरावांचा चेहरा उतरला. "भावसिंग गेलता आतल्या पंपावर. पाणी उपसाले."

"वर आला?"

"मले नाही माहीत, गफ्फारभाई."

सदाशिवराव खदानीकडे धावले. गफ्फारनं त्यांचा दंड धरला. "आत हवा नाही. तुमी गेले तर दोघं जन शोधा लागतीन. पट्टा ओढा माह्यासंग."

नवा पट्टा ताठ होता. चाकावर चढवला की घसरायचा. गफ्फारच्या तळव्याची साल निघाली, पण त्यानं हात काढला नाही. सदाशिवराव पुटपुटत होते, "बायकोले काय सांगू त्याच्या?" अखेर पट्टा बसला. पंखा घरघरला. हवा आत पोचेपर्यंत दोघं तोंडाशी उभे राहिले. ते थांबणं गफ्फारला सगळ्यात जड गेलं.

मग दिवा घेऊन ते उतरले. भावसिंग उतारावर भिंतीला टेकून बसला होता. शुद्धीवर होता, पण मान उचलवत नव्हती. हवा थांबल्याचं कळताच त्यानं पंप सोडला होता.

"फळी ओली होती, म्हणून बिल्ला खिशातच ठेवला. मले वाटलं, मी आत हाओ ते तुमाले माहीत हाय," तो म्हणाला.

दोघांनी त्याला उचलून वर आणलं.

दुसऱ्या दिवसापासून सदाशिवरावांनी फळीवर एक लाल बिल्ला कायम टांगायला लावला. फळी रंगवायला घेतली की तो काढायचा. तो नसला तर फळीवर भरवसा ठेवायचा नाही, आत जाऊन पाहायचं.

भावसिंग बरा होऊन कामावर आला, तेव्हा बिल्ला टांगून तो पंख्याकडे गेला.

"मी चाललो आत," तो म्हणाला, आणि गफ्फारनं "हो, जा" म्हणेपर्यंत तिथंच उभा राहिला.