वरचा हूक

"अथीसा लाव, वरते," सहदेवरावांनी ट्रॅक्टरच्या पाठीवर बोट टेकवून चंदन वेल्डरला सांगितलं.

"बाबा, तिथं नको," हर्षा म्हणाली.

नांदगाव पेठेच्या रस्त्यावरचं दुकान, आणि दसरा तीन दिवसांवर. ट्रॉली ओढायचा जुना हूक तुटला होता. मोर्शीकडच्या शेतात कोहळे तोडून ठेवलेले, झेंडू फुलून पिवळाधमक झालेला. ही फुलं दसऱ्याच्या सकाळी अमरावतीच्या बाजारात नसली, तर दुसऱ्या दिवशी ढोरांपुढे टाकायची. चंदनकडे हूक दोन होते. एक मागच्या आसाखाली बसणारा, जमिनीपासून हातभर उंच. दुसरा त्याच्या दुप्पट उंचीवर, सीटच्या जरासा खाली.

"खालचा हूक नाल्यात रुतते," सहदेवराव म्हणाले. "गेल्या साली आपण अर्धा दिवस चिखल उपसला. इसरली काय?"

"पण ओढ जितकी उंचावर, तितकं पुढचं चाक हलकं होतं. नाल्याच्या चढावर ते उचललं जाईल. ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत, बाबा. दादाला उडी मारायलाही वेळ मिळणार नाही."

सागर, तिचा मोठा भाऊ, टायरवर बसून चहा पीत होता. "मले उलटवूनच राहिली हे सकाळपासून," तो हसत म्हणाला.

चंदनने चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, इकडे सारे वरचाच नेतात. चाक उचललं त पुढं बंपरवर दोन माणसं बसवाची. सारा तालुका बसवते."

हर्षाने बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. चंदन जे इतक्या सहज बोलला, ते बरोबर होतं, हेच तिला जास्त लागलं. तिने दुसरा उपाय सांगितला: हूक खालीच ठेवायचा आणि ट्रॉलीची दांडी वर वाकवून घ्यायची, म्हणजे ती चिखलाला लागणार नाही.

"होते ना," चंदन म्हणाला. "चार दिवस ठेवा ट्रॉली."

"चार दिवसानं काय शिमगा करू?" सहदेवराव म्हणाले. वेल्डिंगची ठिणगी वरच्या हुकावर पडली.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी ट्रॉली भरली. खाली कोहळे, वर झेंडूची पोती. शेतातून जाणारी पांदण नाल्यात उतरत होती आणि पलीकडे काळ्या मातीचा उभा चढ होता. हर्षाने शेवटचं सांगून पाहिलं, "दोन खेपा करू, अर्धा-अर्धा माल."

"एक खेप गेली का त्या चढाचं लोणी होते, पोरी. दुसरी निंगत नाई."

हेही खरं होतं. मजूर पोती चढवून दुसऱ्याच्या तोडणीवर गेले होते. सहदेवराव ट्रॉलीमागे दगडाची उटी घेऊन उभे राहिले, चाक मागे आलं तर लावायला. हर्षाच्या आईने, माणिकबाईंनी, लुगड्याचा काष्टा खोचला आणि त्या पुढे बंपरवर जाऊन बसल्या.

"आई, उतर."

"कावून? दरसाल कोणी ना कोणी बसतेच."

हर्षाने मनात आकडे मांडले. ट्रॉलीचं वजन, चढ, चिखलाची ओढ, हुकाची उंची. एक माणूस कमी पडत होतं, थोडक्यानं. दुसरं बसलं तर चाक जमिनीवर राहायला हवं, तेही जेमतेम. तिने हिशोब पुन्हा केला. उत्तर तेच आलं. मग ती आईशेजारी चढून बसली.

सागरने गिअर टाकला. चढाच्या मध्यावर इंजिन दबलं आणि हर्षाला समोर जमिनीऐवजी आभाळ दिसलं. पुढची दोन्ही चाकं वीतभर वर होती. आईची नखं तिच्या दंडात रुतली. सागरने क्लच दाबला, चाकं धपकन खाली आली, मागून उटी लागली. दुसऱ्या दमात चाकं टेकलेलीच राहिली. ट्रॉली वर निघाली.

"पाह्यलं?" सहदेवराव धापा टाकत वर आले. "काई झालं? उगाच भेव घालून राहिली होती."

माणिकबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "दिवाळीच्या खेपेलेही आमी दोघीच बसतो. मजुरायच्या हातापाया कोण पडे?"

शेजारच्या शेतातले डोमाजी कडेच्या धुऱ्यावरून सारं पाहत होते. त्यांनी जवळ येऊन वरचा हूक हलवून पाहिला. मान डोलावली.

"झकास हाय. मीबी असाच लावतो." मग ते हर्षाकडे वळले. "तू शिकेल हायेस त सांग बरं. माह्यी ट्रॉली तुमच्याहून मोठी. पुढं किती माणसं बसवाची?"

हर्षा खाली उतरली. खालचा हूक लावा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. डोमाजी वाट पाहत होते. त्यांच्या सुना मागे बांधावर झेंडू तोडत होत्या.

"तीन," हर्षा म्हणाली. "तीन बसवा, काका."