शस्त्रसंधीत मीच वाजलो

मित्रांनो, मी एक जुना झोडप्या आहे. गालिचे झोडपायचा. हसताय काय? आमच्या दोनबासमध्ये, म्हणजे युक्रेनच्या पार पूर्वेला, माझ्याशिवाय घराला घरपण नाही. गालिचा अंगणातल्या लोखंडी दांडीवर टाकायचा आणि असा बडवायचा, की चार घरं पलीकडे कळावं, आज यांच्याकडे पाहुणे येणार.

मला वळलं मकारनं. मकार पाण्याच्या मोठ्या पाइपांवरचा वेल्डर. तळ्याकाठच्या वाळुंजाच्या ओल्या फांद्या आणून त्यानं माझं तीन पाकळ्यांचं तोंड विणलं आणि मला बायकोच्या, दुस्याच्या हातात दिलं.

"मी कर्णफुलं मागितली होती," दुस्या म्हणाली.

"कर्णफुलांनी धूळ निघते का?"

तिनं पहिला फटका त्याच्याच पाठीवर मारून बघितला. अशी माझी नोकरी सुरू झाली.

काय थाट होता माझा! मी धप्प केलं, की कोंबड्या पळायच्या, मांजर पाण्याच्या टाकीवर चढायचं. घळीच्या पलीकडे दुसरं गाव होतं. मी वाजलो, की तिकडूनही कुणी बाई धप्प धप्प उत्तर द्यायची. दुस्यानं तिला कधी जवळून पाहिलं नव्हतं. पण कान देऊन म्हणायची, "आज हात ढिला पडलाय बयेचा. नवऱ्याशी भांडण झालेलं दिसत नाही."

मग लढाई आली. घळीच्या अलीकडे एका सैन्याची चौकी, पलीकडे दुसऱ्याची. गालिचे गेले तळघराच्या खिडक्यांवर, तोफगोळ्यांचे तुकडे अडवायला. मी खिळ्यावर. समोर एवढी धूळ चढत होती आणि मला हात लावायला कुणी नाही! माझी काय तगमग झाली असेल, विचार करा.

मधूनमधून शस्त्रसंधी व्हायची. एक शाळा उघडतात म्हणून, एक गव्हाच्या कापणीसाठी, एक इस्टरसाठी. नावं कशी गोड! शेजारचा तिमोफी तळघराच्या जिन्यात बसून टिंगल करायचा. तो मकार-दुस्याच्या मुलीचा धर्मबाप, म्हणून दुस्या त्याला कुम म्हणे आणि तो तिला कुमा.

"कुमा, शस्त्रसंधी लागू झाली बरं का."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

तेवढ्यात कुठंतरी धडाम.

"आणि ही संपली," तिमोफी म्हणायचा. "चांगली होती. मागच्यापेक्षा टिकली."

सगळे हसायचे आणि हसता हसता भिंतीला सरकून बसायचे. कुणी आधी गोळी झाडली, ते कधीच कळायचं नाही. दोन्हीकडचे म्हणायचे, आम्ही फक्त उत्तर दिलं.

एका हिवाळ्यात घळीतला पाण्याचा पाइप फुटला. गाव बर्फ वितळवून प्यायलं, बर्फ संपल्यावर तळ्याचं हिरवं पाणी. शेवटी दोन्ही बाजू कबूल झाल्या: इस्टरच्या आदल्या दिवशी दुरुस्ती होईतो कुणी गोळी झाडायची नाही. मकार आणि त्याचे सोबती पांढरं निशाण घेऊन घळीत उतरणार. दोन्ही चौक्यांच्या मधोमध, अगदी उघड्यावर.

"चहा तरी घेऊन जा," दुस्या म्हणाली.

"त्या पाण्याचा? त्यापेक्षा गोळी बरी."

"तोंड बघा याचं. लवकर ये."

तो गेला आणि दुस्याला चैन पडेना. फाटकापर्यंत गेली, परत आली. पुसलेला कप पुन्हा पुसला. इस्टरचा गोड पाव उलटून पाहिला, झाकला, पुन्हा उघडला. आणि आमच्याकडे इस्टरला घरात धूळ असणं म्हणजे तोंड लपवायची गोष्ट. बाहेर कशी गार शांतता! तिचे हात आपोआप चालायला लागले. तिनं खिडकीवरचा लाल गालिचा उतरवला, दांडीवर टाकला आणि मला खिळ्यावरून काढलं.

मित्रांनो, मी धन्य झालो. धप्प! केवढी धूळ, ढगच्या ढग! धप्प! धप्प! आणि काय सांगू, घळीपलीकडूनही उत्तर आलं. धप्प, धप्प. दुस्या चक्क हसली. "जिवंत आहे बया," म्हणाली आणि दुप्पट जोर लावला. मीही लावला. मला तर चेवच चढला होता.

तेवढ्यात मशीनगन वाजली. आधी इकडून, लगेच तिकडून.

तिमोफी घळीच्या बाजूच्या कुंपणाखालून गुडघ्यांवर रांगत आला. आज त्याच्या तोंडावर टिंगल नव्हती.

"कुमा, थांबव ते!"

"मी काय केलं?"

"इकडच्या चौकीला वाटतंय तिकडून तोफ डागली. तिकडच्यांना वाटतंय इकडून. मकार खड्ड्यात आडवा पडलाय. सगळे अडकलेत."

दुस्याचा हात तसाच वर राहिला. मग तिनं गालिचा ओढून खांद्यावर टाकला.

"कुठं चाललीस? चौकीवर सांग, ते वायरलेसवर बोलतील."

"इकडच्यांचं तिकडचे कधी खरं मानतात, कुम? त्यांना दिसायला पाहिजे."

ती घळीच्या काठावर गेली. उघड्यावर, डोक्याला पिवळा रुमाल, खांद्यावर गालिचा. एक गोळी मागच्या सफरचंदाच्या झाडात घुसली. मला वाटलं, संपलो. तिनं मोडक्या कठड्यावर गालिचा पसरला, मला दोन्ही चौक्यांना दिसेल असं डोक्यावर उंच धरलं, अगदी सावकाश फिरवलं, आणि मग हाणलं. धप्प. धूळ उठली. पुन्हा हात वर. पुन्हा धप्प.

गोळीबार थांबला. इकडच्या खंदकातून कुणीतरी ओरडलं, "आजी, आमची ब्लँकेटं आणू का?"

पलीकडच्या काठावर एक निळा झगा आला. त्या बाईच्या हातातही झोडप्या होता. तिनंही तो उंच धरला.

मकार मातीनं भरलेला उठला, काठाकडे बघून मूठ उगारली आणि पुन्हा वेल्डिंगला बसला. संध्याकाळी नळाला तांबडं का होईना, पाणी आलं. माझी एक पाकळी त्या दिवशी तुटली ती कायमची.

तेव्हापासून रीतच पडली. शस्त्रसंधी झाली, की दुस्या काठावर जाऊन आधी मला उंच धरते. पलीकडून निळा झगा उत्तर देतो. मगच दोघी झोडपायला लागतात.

बाळांनो, तुमच्या घरातल्या जुन्या झोडप्यांना, झाडूंना जपा. आणि कुठं धप्प झालं, तर लगेच हात उगारू नका. आधी काठावर जाऊन बघा, कोण काय करतंय. आमच्या लोकांनी एवढंच केलं असतं, तर मकारनं किती तरी पाइप कमी जोडले असते.

आज पुन्हा शस्त्रसंधी आहे, कापणीची. दुस्या काठावर उभी आहे, मी तिच्या हातात उंच. पलीकडे अजून कुणी आलेलं नाही. तिमोफी मागून म्हणतोय, "कुमा, हात दुखेल, घरी चल." ती म्हणतेय, "उशिरा उठली असेल बया."

 तिचा हात अजून खाली आलेला नाही.