शुक्रवारचे पाव

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबीच नाही. डेन्मार्कमधल्या समुद्राकाठच्या एका गावी, लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारं मी जुनं यंत्र आहे. नवं असताना लोक माझी चकाकी बघायला थांबत. आता रूळ कुरकुरले की शिव्या मिळतात. काम मात्र तेवढंच.

तीन महिन्यांपूर्वी सोल्वाय आली. तिशीतली. बौद्धिक अपंगत्वामुळे तिला नवी गोष्ट शिकायला वेळ लागे, म्हणून गीटे नावाची मदतनीस सोबत असे. तीन महिने चाचणी, मग नोकरीचा निर्णय मुकादम प्रेबेनच्या हाती. गीटे मायाळू, पण तिचे हात सारखे शिवशिवत. सोल्वायने चादरीचं टोक धरलं की ही झटकन पुढे होऊन सरळ करी. माझा जीव नुसता तळमळायचा. अगं बाई, तिला करू दे की! पण यंत्राचं ऐकतो कोण?

दर शुक्रवारी पाळीपाळीने एकाने सगळ्यांसाठी बेकरीतून ताजे पाव आणायचे, अशी आमची रीत. भिंतीवरच्या यादीत सोल्वायचं नाव नव्हतं, म्हणून तिने विचारलं.

"तुला कशाला उगाच त्रास?" प्रेबेन म्हणाला.

"पाव खाते ना मी? मग?"

प्रेबेनने यादीत तिचं नाव लिहिलं. पाळी आली ती नेमकी चाचणीच्या शेवटच्या दिवशी.

आणि त्या शुक्रवारी सोल्वाय रिकाम्या हातांनी आली! पाव साफ विसरली होती. आता संपलं सगळं, असं मलाही वाटलं.

"मी आणते! तिला बोलू नका," म्हणत गीटे दाराकडे धावली.

"तू बस," प्रेबेन म्हणाला आणि सोल्वायवर कडाडला, "आठ माणसं उपाशी ठेवलीस, बये! विसरणाऱ्याला इथे दंड असतो. पुढच्या शुक्रवारी पावही तुझे आणि केकही तुझाच."

"पुढच्या शुक्रवारी?" तिने विचारलं. "पण माझी मुदत आज संपते."

"ती चाचणीची. सोमवारी सातला कामावर ये. आणि केक टाळायचा नाही, सांगून ठेवतो!"

सोल्वाय रडता रडता हसली.

मित्रांनो, तुमच्याकडे असं कुणी कामाला आलं तर जरूर हात द्या, पण त्यांच्या हातातली चादर ओढून घेऊ नका. आणि ते चुकले, तर आपल्या माणसाला रागावता तसंच त्यांनाही रागवा.