राणीला कुणी विचारलंच नाही

मंथनच्या गोष्टीतली राणी करालिका वाईट होती, आणि अशी तशी वाईट नव्हती. सख्ख्या भावाचा घात केलेली बाई ती. नीलांबर नावाचं राज्य, तिथं शुभ्रकेतू नावाचा राजा, आणि त्याच्याकडं आभाळ विणणारा एक माग. त्या मागावरचं वस्त्र राज्यावर पसरलं की शत्रूचा बाण आत येत नसे. राजा आजारी पडला आणि त्याच्या या बहिणीनं, करालिकेनं, वेशीचं दार उघडून तो माग लोहपूरच्या लोकांच्या हवाली केला. राजा त्या दुःखानं गेला. आता त्याचा मुलगा अरुणध्वज मोठा होऊन, जंगलं तुडवून, राक्षस लोळवून आत्येवर सूड उगवायला निघाला होता. नावं अशी की उच्चारताना जिभेला गाठ पडावी, पण ही गोष्ट मोबाइलवर कानात घालून ऐकणारी माणसं पुण्यापासून निपाणीपर्यंत होती. त्या सगळ्यांना एकच पाहिजे होतं. करालिका मेली पाहिजे.

आता शेवटचा भाग तेवढा राहिला होता, आणि तिथं येऊन मंथनची गाडी अडली होती. राणीला कसं मारायचं ते त्याला ठाऊक होतं. अडचण निराळीच होती. ही राणी म्हणजे त्याची आत्ती अंबूबाई होती.

बेळगावात वडगावच्या विणकर गल्लीत अंबूबाईला न ओळखणारा माणूस नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, राग आला की बारीक होणारा डावा डोळा, आणि काही कडक बोलायच्या आधी "एकदाच सांगते" अशी सुरुवात. मंथननं राणीला हे सगळं जसंच्या तसं दिलं होतं. कुठं बदललं म्हणून नाही. तेवढी अक्कल लिहिताना सुचली नाही, आणि सुचली तेव्हा उशीर झाला होता.

घात म्हणाल तर तोही तिनं केला होता. मंथनचा बाप परशराम हा हातमागावरचा नामी विणकर. गल्लीत घरोघरी पॉवरलूम आले तरी हा गडी खड्ड्याच्या मागावर, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. त्यानं अंथरूण धरलं, आणि अंबूबाईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्याला न विचारता तो माग विकून टाकला. संकेश्वरच्या माणसानं टेंपो आणला, लाकडं भरली आणि नेली. खड्डा बुजवून त्या जागी पॉवरलूम बसवला. परशराम खाटेवरून बघत होता. त्यानंतर तो बहिणीशी एक अक्षर बोलला नाही आणि थोड्याच दिवसांत गेला. मंथन तेव्हा पहिलीत होता. आई आधीच गेलेली, त्यामुळं पुढं त्याला वाढवलं ते याच आत्तीनं. खाऊ घातलं, शिकवलं, पुण्याला नोकरीला धाडलं, तो नोकरी सोडून परत आला तेव्हाही का आलास म्हणून विचारलं नाही. पण मागाच्या खोलीत त्याला कधी येऊ दिलं नाही. उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर तंगडी मोडीन, असं एकदा सांगितलं ते सांगितलं. चोरी केलेला माणूस चोरीची जागा दाखवत नसतो, असं मंथननं मनाशी धरून ठेवलं होतं.

बापाची त्याला एकच आठवण नीट होती. बापानं त्याला मागावर बसवलं होतं. पाय पावड्यांपर्यंत, म्हणजे मागाच्या खालच्या पायपट्ट्यांपर्यंत, पोचत नव्हते, म्हणून बापानं खाली एक लाकडी ठोकळा ठेवला, त्याचे पाय त्यावर टेकवले, आणि हसून म्हणाला होता की आता तू राजा झालास. गोष्टीच्या पहिल्या भागात शुभ्रकेतू छोट्या राजपुत्राच्या पायाखाली चंदनाचा चौरंग ठेवतो. तो भाग ऐकून लोकांनी डोळे पुसले होते. रेकॉर्ड करताना मंथननंही पुसले होते.

आणि गंमत बघा, ही सगळी गोष्ट रेकॉर्ड होत होती ती आत्तीच्याच मेहेरबानीवर. गल्लीत दिवसभर लूमचा खडखडाट. कुणी राणीचं कारस्थान ऐकायला बसावं आणि मागून यंत्र खडखडावं, हे कसं चालणार? मंथननं अंगणापलीकडच्या खोलीच्या भिंतींना वाकळा टांगल्या, खिडकीला जाड काच बसवली, तरी आवाज यायचाच. सुरुवातीला तो करंट जायची वाट बघायचा. करंट गेला की गल्ली गप्प व्हायची आणि हा माईक घेऊन बसायचा. मग आत्तीनंच मनावर घेतलं. दुपारची जेवणं झाली की ती आपला लूम बंद ठेवायची आणि घरोघर सांगून यायची की पोरगं बोलतंय, जरा दम धरा. गल्लीत त्याला "मंथनचा करंट गेला" असं नाव पडलं. मग आत्ती अंगणातल्या पायरीवर, खिडकीसमोर, लसणाची टोपली घेऊन बसायची. भाजीवाला ओरडत आला की हातानं गप्प करायची.

ती तिथं बसली की मंथनला आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण काचेच्या आत बसून हिचा महाल जाळतोय आणि ही बाहेर बसून आपल्यासाठी कावळे हाकलतेय. तिला हे कधीही कळता कामा नये, एवढीच त्याची धडपड. तिच्याकडं साधा फोन. बायको स्वरूपा कॅम्पातल्या शाळेत शिकवायची, तिला त्यानं शपथ घातली होती की घरात गोष्ट मोठ्यानं लावायची नाही. स्वरूपानं शपथ पाळली, पण एक दिवस एवढं म्हणालीच की लपवावं लागतंय म्हणजे कुठंतरी चुकतंय तुझं.

शेवटचा भाग मोठा होता, लूम जरा जास्त वेळ बंद पाहिजे होते. आत्तीला किती सांगायला लावायचं म्हणून मंथन स्वतःच शेजारच्या गुंडूकडं गेला. गुंडूचे दोन लूम धडाधडा चालू होते. एका टोकाला गुंडू, दुसऱ्या टोकाला त्याची बायको मालुबाई, आणि दोघं कशावरून तरी पोट धरून हसत होते. आवाज म्हणून नाही. नुसती तोंडं हलत होती. गुंडूनं याला बघून लूम बंद केला आणि विचारलं, राणीला शेवटी मारणार का सोडणार?

मंथनला वाटलं यानं फोनवर ऐकलं. तसं विचारलं तर गुंडू म्हणाला, फोन कुणाला फावतोय, आम्हाला तुझी आत्ती सांगते की, अंबाक्का. रोज काम करता करता, तिच्या लूमवरून खिडकीतनं आमच्या लूमवर. कालच्या भागात महाल पेटला, तो तर तिनं असा सांगितला की मालूनं धागा तुटलेला बघितला नाही.

"पण तिला कोण सांगतं?" मंथननं विचारलं.

"तूच की रं. पायरीवर बसून तुझं तोंड वाचती. लूममधी जन्म गेलेली माणसं आमी, कानानं कोण ऐकतंय हितं?"

मंथन तिथल्या तिथं खाली बसला. लूमवाले एकमेकांचे ओठ वाचतात हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, त्याला ठाऊक नव्हतं, कारण मागाच्या खोलीत तो कधी गेलाच नव्हता. काच त्यानं आवाज अडवायला बसवली होती. पुढची सगळी शोभा तिनं पायरीवरून बघितली होती.

घरी आला तेव्हा आत्ती पायरीवरच होती. त्यानं लसणाची एक कुडी उचलली आणि सोलायला लागला. कधीपासून कळलं, एवढंच कसंबसं विचारलं. पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली, किल्ल्यांचा जुडगा म्हणालास तेव्हाच. मग मला थांबवलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, गोष्ट चांगली आहे, का थांबवू? राणी तर तिला आवडलीच होती. तिचे दात तेवढे माझ्यासारखे नाहीत, म्हणाली.

तिनं रागावून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मंथनला रडू येत होतं आणि स्वतःचा संताप येत होता. तेव्हा अंबूबाईनं टोपली बाजूला ठेवली.

"एकदाच सांगते. तिला मारायचं तर मार, मी न्हाय म्हणत न्हाय. पण एवढं भाग झालं, रं. बाण मारलं, शाप दिलं, महाल जाळला. तिला कुणी एकदा तरी इचारलं का, बाई, का केलंस म्हणून?"

कुणी विचारलं नव्हतं. राजानं नाही, राजपुत्रानं नाही, ऐकणाऱ्या एवढ्या लोकांपैकी एकानंही नाही. गोष्टीचं सोडा, घरात तरी कुणी विचारलं होतं? त्याला विचारायची भीती वाटायची हे त्याला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं. तिच्याकडं जर खरंच उत्तर असेल, तर चौरंग ठेवणाऱ्या बापाचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. गल्ली गप्प झाली. आत्ती पायरीवर येऊन बसली, आणि मंथननं माईक लावला. अरुणध्वज महालाच्या जळक्या दारापाशी पोचला. राणी उंबऱ्यावर एकटी बसलेली. राजपुत्रानं तलवार उपसली. इथं लिहून ठेवलेल्या कागदावर तलवार खाली येत होती. मंथननं कागद पालथा घातला, मान वर करून थेट तिच्याकडं बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट आणत म्हणाला, "आत्ती, का केलंस?"

बाहेर अंबूबाईचे हात थांबले. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग तिचे ओठ हलले, बराच वेळ हलत राहिले. मंथन डोळे फाडून बघत होता. त्याला एक अक्षर कळलं नाही.

त्यानं उठून खिडकी उघडली. मला येत नाही ते वाचायला, तोंडानं सांग, म्हणाला.

अंबूबाईला हसू आलं. "न्हायच येणार. त्येच्यासाठीच तर केलं," ती म्हणाली. "पावड्यांपतूर पाय पोचत न्हवतं तुझं. परशानं खाली ठोकळा ठेवून तुला बसिवलं. शाळेतनं नाव काढलंतं त्यानं, तुला म्हाईत न्हाय. म्हणला, हात येवढं मऊ हाईत तवर बसला पायजे, मग हातमागावर ह्येच्यासारखा दुसरा मिळायचा न्हाय. खरंच म्हणत हुता. त्यो बी तसाच बसला हुता ल्हानपणी. मला दोन पाय दिसलं, ठोकळ्यावर. माग गेला तर खड्डा जाईल, तू सुटशील, येवढंच सुचलं. इचारलं असतं तर न्हाय म्हणला असता, म्हणून इचारलं न्हाय. त्यो माझ्यामुळंच गेला आसंल. त्येबी खरं हाय."

मंथन खिडकीच्या चौकटीला धरून उभा होता. बापानं ठेवलेला तो ठोकळा, ते हसणं, सगळं होतं तिथंच होतं. फक्त आता त्या ठोकळ्यावर टेकलेले आपले पाय त्याला दिसत होते, आणि ते फार लहान होते.

आता मी राणीला चांगली करतो, तो म्हणाला. राजाचंच सगळं चुकलं असं दाखवतो.

"तसलं काय करू नको," अंबूबाईचा डावा डोळा बारीक झाला. "परशा वाईट न्हवता. आता त्येला जाळशील, मग त्येलाबी कोण इचारणार न्हाय. परत त्येच की."

एवढं बोलून ती उठली आणि लूम चालू करायला आत गेली. ते ऐकून गुंडूचाही लूम सुरू झाला, मग पलीकडचे. मंथन खुर्चीकडं वळला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की माईक बंद करायचा राहिला होता.

त्यानं त्यातलं काहीही कापलं नाही. परशा म्हणजे राजाचं घरातलं नाव, असं एक वाक्य आधी टाकलं, शेवटचा लूमचा आवाजही तसाच ठेवला. एवढ्या भरजरी मराठीत बोलणाऱ्या नीलांबरात राणी अचानक वडगावचं बोलायला लागली. राजपुत्र तलवार घेऊन दारात उभाच राहिला. ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं, आणि गोष्ट तिथंच संपली. लोक चिडले. राणी मेली नाही म्हणून काहींनी चांगलंच सुनावलं. काहींनी लिहिलं की आता राजाचा राग येतोय आणि रागवताही येत नाही. राणीचा आवाज कुणाचा, असं मात्र सगळ्यांनीच विचारलं.

रविवारी मंथननं आत्तीच्या कानात इअरफोन घातला. इतके दिवस तिनं गोष्ट फक्त बघितली होती. डोळे मिटून तिनं सगळा भाग ऐकला, स्वतःचं बोलणं आलं तेव्हा कानावर हात दाबून धरला. स्वरूपा चहा घेऊन आली आणि तशीच कप हातात धरून थांबली.

अंबूबाईनं इअरफोन काढला. एवढी मोठ्यानं बोलते का मी, असं विचारलं. मग वायर बोटाला गुंडाळली.

"परशाला ऐकवाय पायजे हुतं," ती म्हणाली.